यामाहा पॅसिफिका ११२व्ही : कोकणच्या हवेत सगळे ऋतू वापरून

ही इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना उत्तर आधीच देऊन टाकते. हौसेने वाजवणार असाल, संध्याकाळी घरी तास-दीड तास आणि अधूनमधून मित्रमंडळींबरोबर, तर जरूर घ्या. फक्त हातातले सगळे पैसे गिटारीतच घालू नका. थोडे सेटअपसाठी (म्हणजे गिटार नीट जुळवून घेण्यासाठी), थोडे तारांसाठी आणि थोडे घरातलं अर्थिंग तपासून घ्यायला बाजूला ठेवा. मी रत्नागिरीत राहते. इथे पावसात भिंतींना ओल येते, चामड्याच्या पट्ट्याला बघता बघता बुरशी धरते, आणि गिटारीचं काम करणारा कारागीर गाठायचा तर मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर. अशा ठिकाणी पाऊस, थंडी, उन्हाळा असं सगळं एकदा निघाल्यावर हे लिहिते आहे, त्यामुळे यात आवाजापेक्षा देखभालीचं बोलणं जास्त असेल.

निवडताना मी एकच कसोटी लावली होती : नंतर बदलता येणार नाही ते आधी बघायचं. पिकअप (तारांचं कंपन टिपून ॲम्पकडे पाठवणारे भाग) बदलता येतात, ट्यूनर (तारांच्या खुंट्या) बदलता येतात, स्विच, नॉब, ब्रिज (तारांची घोडी), सगळं बदलता येतं. नेकची (हातात धरायच्या दांड्याची) जाडी, फिंगरबोर्डची (त्यावरच्या बोटं ठेवायच्या फळीची) गोलाई, स्केलची (तारेच्या वाजत्या भागाची) लांबी आणि फ्रेट (बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किती नीट बसवलेत, हे बदलायचं म्हणजे जवळपास दुसरी गिटार घेणं. तरी दुकानात आपण आधी रंग बघतो आणि मग पिकअप कुठले ते विचारतो. इंटरनेटवरची चर्चाही पिकअपभोवतीच फिरते. माझ्या मते हौशी माणसाने पिकअपचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

पॅसिफिका ही मालिका १९९० पासून बाजारात आहे आणि घडण स्ट्रॅटोकास्टरच्या (थोडक्यात स्ट्रॅटच्या) वंशातली आहे, म्हणजे लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५४ साली काढलेल्या गिटारीच्या. ११२व्ही मध्ये आल्डरची बॉडी, स्क्रूने जोडलेला मेपलचा नेक, रोझवूडचा फिंगरबोर्ड, २२ फ्रेट आणि ६४८ मिमी स्केल. ब्रिजकडे हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), मधे आणि नेककडे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे). टोनचा नॉब वर ओढला की हंबकरचं एकच कॉइल चालू राहतं. नटजवळ, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ, नेकची रुंदी ४१ मिमी. माझे हात लहान आहेत, पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड मला इथे सहज बसतो, तो जाड नेकच्या गिटारीवर बसत नव्हता.

पण मला खरं जिंकलं ते फिंगरबोर्डच्या सपाटपणाने. याची त्रिज्या ३५० मिमी आहे. जुन्या स्ट्रॅटची ७.२५ इंच, म्हणजे १८४ मिमी. आजच्या बहुतेक फेंडरची ९.५ इंच, म्हणजे २४१ मिमी. आकडा जितका मोठा तितका बोर्ड सपाट. गोल बोर्डवर तारा खाली ठेवल्या आणि मोठा बेंड घेतला, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवला, की ओढलेली तार बोर्डच्या उंचवट्यावर जाऊन पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मधेच गुदमरतो. मी मुख्यतः भावगीतं आणि नाट्यपदं वाजवते. त्यात गंधारावरून पंचमापर्यंत एका ओढीत जायचं तर तीन सेमीटोनची मींड घ्यावी लागते, आणि तीही सुराचा दम न तुटता. पॅसिफिकावर तारा बऱ्यापैकी खाली असूनही ही मींड पूर्ण जाते. ब्लूज वाजवणाऱ्यालाही याचा फायदा आहेच, पण आपल्या संगीतासाठी गिटार शोधणाऱ्याने त्रिज्येचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

शक्य असेल तर गिटार हातात घेऊन निवडा. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी शेजारी शेजारी वाजवता आल्या तर सोन्याहून पिवळं, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक असतो. ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावायच्या आधी नुसतीच वाजवा. पहिल्या दोन तारांवर बाराव्या फ्रेटपासून पुढे प्रत्येक फ्रेटवर बेंड घेऊन बघा, कुठे सूर मरतो का. नेकच्या कडेवरून तळवा खाली-वर फिरवा, फ्रेटची टोकं बोचतात का. हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) डोळा लावून नेक पिळलेला नाही ना ते बघा. थोडा बाक ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, फिरवता येणाऱ्या सळईने) जातो, पीळ जात नाही.

आता सेटअप. नव्या गिटारीला सेटअप लागतोच, मग ती कुठल्याही कंपनीची असो. कारखान्यात नटच्या खाचा थोड्या उंच ठेवण्याची पद्धत आहे, कारण खाच खोल करता येते, उथळ करता येत नाही. खाच उंच असली की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार जास्त दाबली जाते आणि मोकळ्या तारांचे कॉर्ड किंचित चढे लागतात. सूर तपासायचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, पण ई कॉर्डमधला गंधार कानाला टोचत राहतो. तपासायला सोपं आहे : तार तिसऱ्या फ्रेटपाशी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती जागा उरते ते बघा. कागद जेमतेम जाईल इतकीच हवी. नटचं काम मात्र मी मुंबईतल्या एका कारागिराकडून करून घेतलं. नटच्या फायली महाग असतात आणि प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी लागते, एका गिटारीसाठी त्या घेण्यात अर्थ नाही. या एका कामाने गिटार जितकी सुरात आली, तितकी दुसऱ्या कशानेही आली नाही.

बाकीचं घरी होतं आणि ते घरीच करावं, कारण आपल्या हवेत ते वर्षातून निदान दोनदा करावं लागतं. लागतं काय? ॲलन की, बारका स्क्रू ड्रायव्हर, १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या). फिलर गेज संगीताच्या दुकानात शोधू नका, मोटार स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतं. आधी गिटार सुरात लावायची. मग पहिल्या फ्रेटला कॅपो, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली गेज सरकवायचं. ०.२५ मिमीची पाती तार न उचलता निघाली तर नेकचा बाक बरोबर. बाक जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कमी असेल तर उलट, आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग गिटार तासभर तशीच ठेवायची, लाकूड स्थिरावू द्यायचं, पुन्हा मोजायचं. हे झाल्यावरच सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली-वर करायचे. फेंडर आपल्या गिटारींसाठी सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी उंची सांगते. मी जाड तारेकडे १.७ आणि बारीक तारेकडे १.५ ठेवली आहे.

तारा खाली आल्या की थोडी झणझण येते आणि नवीन माणूस घाबरतो. मिरजेच्या तंबोऱ्यावर कारागीर घोडीचा वरचा भाग घासून घासून तारेला मुद्दाम तसं टेकवतात, तिथे त्या झणकारासाठीच जवारी असते. गिटारीवर हेच तार आणि धातूचं टेकणं दोष ठरतं, पण तो ॲम्पमधून ऐकू आला तरच. प्लग न लावता येणारी बारीक झणझण पिकअप फारशी उचलत नाहीत. तेवढ्यासाठी तारा वर नेऊन हात दुखवून घेऊ नका.

ब्रिजबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या वादनाशी त्याचा थेट संबंध आहे. हा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला असतो. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची. अशा तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की तेवढ्यापुरता तारांचा ताण वाढतो, ब्रिज पुढे झुकतो आणि बाकी सगळ्या तारा उतरतात. एकच तार वाजवत असाल तर कळत नाही, बेंडही थोडा जास्त घ्यावा लागतो इतकंच. पण मला खालच्या ए तारेवर षड्ज सतत ठेवून वर मींड घ्यायची असते, आणि तिथे आधारस्वरच डळमळायला लागतो. म्हणून मागचं प्लास्टिकचं झाकण काढून, बॉडीच्या आतल्या पट्टीचे दोन स्क्रू घट्ट करत नेले, ब्रिज बॉडीला पूर्ण टेकेपर्यंत. आता ब्रिजला लावलेल्या दांडीने सूर खाली नेता येतो, वर नेता येत नाही, आणि षड्ज जागचा हलत नाही. एखादी तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. ज्यांना दांडीचा खेळ करायचा आहे त्यांनी हे करू नये. बाकी सगळ्यांनी करावं असं माझं ठाम मत आहे. सोबत नटच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं भरलं की तार अडकत नाही आणि मींडीनंतर आपल्या जागी परत येते. दरवेळी तारा बदलताना हे करते, पाच मिनिटांचं काम आहे.

आता हम, म्हणजे ॲम्पमधली ती घूंऽऽ. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तार, ती घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण उचलणारच. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास दोन कॉइल एकमेकांविरुद्ध जोडून हंबकर केला तो याच दुखण्यावर. त्यामुळे या गिटारीत हंबकरवर शांतता आणि सिंगल कॉइलवर थोडी घूं, हे ठरलेलंच. पण माझ्या घरी ती थोडी नव्हती. तारांना हात लावला की निम्मी व्हायची, हात काढला की परत. हे लक्षण दिसलं की गिटार उघडण्याआधी घराची वायरिंग बघा. इलेक्ट्रिशियनने सॉकेट खोलला आणि म्हणाला, “ताई, वरचं भोक नुसतं नावाला आहे, अर्थची वायर आत आलेलीच नाही.” जुन्या घरांत हे सर्रास असतं. त्याने खोलीतल्या एका सॉकेटपर्यंत नीट अर्थ आणून दिला आणि निम्म्याहून जास्त आवाज तिथेच संपला. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. तारांमधून तुमचं शरीर ॲम्पच्या चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेलं असतं, ॲम्पमध्ये बिघाड झाला तर अर्थ हाच तुमचा बचाव आहे. दोन पिनचा अडॅप्टर लावून किंवा तिसरी पिन काढून कधीही वाजवू नका.

उरलेल्या आवाजासाठी पिकगार्ड (पुढचं प्लास्टिकचं झाकण) काढून आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावली. सोपं पण वेळखाऊ काम. पट्टीचे तुकडे एकमेकांवर चढवून लावायचे, सगळं तांबं ग्राउंडला जोडायचं, आणि मल्टिमीटरचा बझर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजतो का बघायचं. सिग्नलची तार कुठे तांब्याला टेकली तर गिटार मुकी होते, तेवढी काळजी घ्या. शील्डिंगने पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर यांची चरचर बरीच कमी झाली. ५० हर्ट्झची घूं मात्र चुंबकीय असते, ती तांब्याने थांबत नाही. तिच्यासाठी पिकअप निवडायच्या स्विचची दुसरी (हंबकरचं एकच कॉइल चालू ठेवून) किंवा चौथी जागा वापरते. तिथे दोन पिकअप एकत्र चालू असतात, आणि मधला उलटा गुंडाळलेला असेल तर ती जवळपास नाहीशी होते. योगायोगाने भावगीताला शोभणारा तो पातळ, काचेसारखा आवाजही याच जागांवर मिळतो. १९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, वादक तो दोन खाचांच्या मधे अडकवून हा आवाज काढायचे, आणि फेंडरने १९७७ मध्ये पाच जागांचा स्विच दिला.

पिकअप बदलायचा विचार माझ्याही मनात आला होता. नेक पिकअपवर जाड तारेचे वरचे सूर डळमळीत, दोन सूर एकत्र वाजल्यासारखे येत होते. कारण पिकअपमध्ये नव्हतं, त्याच्या उंचीत होतं. सिंगल कॉइलमधली चुंबकं तारेच्या फार जवळ आली की तारेला खेचतात, तिचं कंपन बिघडवतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजलं आणि पिकअप जाड तारेकडे २.४ मिमी, बारीक तारेकडे २ मिमीपर्यंत खाली नेला. सूर स्वच्छ झाला, टिकायलाही लागला. नवे पिकअप घ्यायचे पैसे वाचले. ॲम्पबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घरात लहानसा ॲम्प, रात्री हेडफोन, एवढंच.

खरी लढाई हवेशी आहे. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, माझ्या खोलीतलं आर्द्रतामापक जुलैत ८५ च्या खाली येत नाही. याचा परिणाम दिसतो तो असा : नेकची मागची बाजू पॉलिशने बंद असते, फिंगरबोर्ड उघडा असतो. तो ओल पितो, किंचित फुगतो आणि नेकचा बाक कमी होतो. त्यामुळे पावसात पहिल्या पाच फ्रेटवर झणझण सुरू होते आणि ट्रस रॉड थोडा सैल करावा लागतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उलटं. एप्रिलमध्ये गिटार पुण्याला नेली तेव्हा तिथल्या कोरड्या हवेत बोर्ड आकसला आणि फ्रेटची टोकं बोटांना लागायला लागली. रत्नागिरीला परत आल्यावर काही दिवसांत आपोआप गेली. म्हणून असल्या वेळी लगेच कानस घेऊन बसू नये.

साध्या निकेलच्या तारा इथे पावसात दोन-तीन आठवड्यांत काळवंडतात आणि तिसऱ्या तारेखाली बोट फिरवलं तर खरखर लागते. मी आता पातळ आवरणाच्या तारा वापरते, ०.००९ ते ०.०४२ इंचांचा संच. दुप्पट-तिप्पट किंमत, पण टिकतात त्याहून जास्त. आवरणाच्या तारा सुरुवातीला बोटाला निसरड्या लागतात, सवय होते. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. खालून पुसणं बहुतेक जण विसरतात आणि गंज तिथूनच चढतो.

फ्रेट निकेल-सिल्व्हरचे असतात, त्यात चांदी नसते, तांबं भरपूर असतं. म्हणून खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर येतो आणि बेंड घेताना तार घासते. पिकअपवर मास्किंग टेप लावून, बोर्डवरही टेपच्या पट्ट्या मारून, बारीक पॉलिश पेपरने फ्रेट चकचकीत केले. स्टील वूल वापरत असाल तर टेप अजिबात चुकवू नका, त्याचा चुरा चुंबकांवर जाऊन बसतो आणि निघता निघत नाही. नंतर रोझवूडला खनिज तेलाचे दोन-चार थेंब, लगेच पुसून कोरडं. वर्षातून दोनदा पुरे. हे फक्त उघड्या लाकडासाठी, लॅकर मारलेल्या मेपलच्या बोर्डसाठी नाही.

लाकडावरून एक सांगायचं आहे. रोझवूडचं आपलं नातं जवळचं आहे. गिटारींच्या बोर्डसाठी जगभर वापरलं जाणारं इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव. २०१७ च्या सुरुवातीला शिसवाच्या संपूर्ण वंशाचा (डालबर्जिया) आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारातल्या परवान्यांखाली आला, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट २०१९ च्या अखेरीस मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. फेंडरच्याच स्क्वायर नावाच्या स्वस्त गिटारींवर जे इंडियन लॉरेल दिसतं ते सह्याद्रीत पावलोपावली भेटणाऱ्या ऐनाचं. दिसायला थोडं फिकं असलं तरी टणक लाकूड आहे, बोर्ड ऐनाचा आहे म्हणून चांगली गिटार नाकारू नका.

ठेवण्याबद्दल : पावसात गिटार भिंतीला टांगू नका, निदान बाहेरच्या भिंतीला तरी नाहीच. बॅगेत बंद करून आठवडे विसरूही नका, बुरशी आधी बॅगेच्या अस्तराला धरते. मी आतल्या खोलीत स्टँडवर ठेवते, वर सुती चादर, आणि जोराचा पाऊस असला की बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. त्या पुड्या अधूनमधून गरम करून वाळवाव्या लागतात. नॉब फिरवताना खरखर आली तर नॉब काढून त्याखालच्या पॉटच्या (फिरणाऱ्या भागाच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणं. घरात दाराच्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे यासाठी चालत नाही.

खर्च बघायचा तर मी घेतली तेव्हा गिटार तीस हजारांच्या आसपास होती, आणि नट, तारा, तांब्याची पट्टी, हत्यारं आणि अर्थिंग मिळून आणखी पाचेक हजार. याच पाच हजारांत मला या गिटारीतलं वादन मिळालं आहे. बजेट कमी असेल तर जुनी पॅसिफिका शोधा आणि वाचलेले पैसे नट आणि फ्रेटच्या कामाला लावा.

अजून एक काम पुढे आहे. मींडीमुळे पहिल्या दोन तारांखाली सातव्या ते दहाव्या फ्रेटपर्यंत बारीक खड्डे दिसायला लागले आहेत. सध्या सूर मरत नाही, म्हणून हात लावलेला नाही. तो मरायला लागला की फ्रेट घासून सपाट करून घेईन, आणि त्यानंतर कधीतरी संपूर्ण फ्रेट बदलायची वेळ आली तर स्टेनलेस स्टीलचेच घालणार आहे. ते झिजत जवळपास नाहीत, आणि या हवेत हिरवे पडत नाहीत.